वाघिणीवरचा मळ : प्रस्तावना

मालगाडीची वाघीण आयुष्यात एकदाच पुरती स्वच्छ असते, कारखान्यातून रंग लावून बाहेर पडते त्या दिवशी. फार तर पुन्हा रंगवली गेली तर आणखी एकदा. प्रवासी डबे धुतले जातात. वाघिणीला सहसा कुणी धूत नाही. अमेरिकेत 1974च्या मध्यानंतर बांधलेल्या वाघिणीला नियमानुसार 50 वर्षांपर्यंत रुळांवर राहता येते. एवढ्या काळात तिच्यावर जे बसते, झिरपते, ओघळते आणि सोलून निघते, त्याचा सगळा हिशेब तिच्या पत्र्यावर लिहिलेला असतो. रेल्वेच्या छोट्या प्रतिकृती करणारे छांदिष्ट हा हिशेब हाताने पुन्हा मांडतात. या कामाला सगळीकडे वेदरिंग म्हणतात. पुढच्या पानांत त्याच्या एकाच शाखेचा विचार केला आहे: पेस्टलच्या कांड्या किसून केलेली पूड आणि तयार मिळणाऱ्या रंगद्रव्यांच्या भुकट्या वापरून केलेले वेदरिंग. उदाहरणे मुख्यतः अमेरिकी मालगाड्यांची आहेत, कारण या कलेचा आणि तिच्या पुराव्यांचा सर्वांत मोठा साठा तिथे आहे.

पहिला आक्षेप घरातूनच येतो. एवढी महागाची, सुबक वस्तू, आणि ती मुद्दाम मळवायची? आक्षेप रास्त आहे. त्याचे उत्तर आवडीनिवडीत शोधू नये, अंतराच्या हिशेबात शोधावे.

सर्वाधिक प्रचलित एचओ प्रमाण 1:87चे आहे. त्यात रूळमार्गाची रुंदी 16.5 मिलिमीटर असते आणि 40 फुटी बंद वाघीण सुमारे 14 सेंटिमीटरची होते. अशी वाघीण आपण 60 सेंटिमीटरवरून पाहतो तेव्हा तिच्या जगात आपण तिच्यापासून 52 मीटरवर उभे असतो. तेवढ्या अंतरावरून खरी वाघीण पाहून या. चकाकी दिसत नाही. रंग मावळलेला, किंचित करडा झालेला असतो, छत आणि बाजू यांच्या छटा वेगळ्या असतात, आणि खालचा सांगाडा सावलीत विरघळलेला असतो. प्रतिकृतीचे प्लॅस्टिक मात्र आपल्या खोलीतल्या दिव्याचा उजेड आपल्याच जगाच्या नियमांनी परतवते, आणि तिथेच डोळा फसायचे नाकारतो. वेदरिंगचे पहिले काम हे 52 मीटर परत आणण्याचे आहे. गंज वगैरे त्यानंतर.

हाच हिशेब उलट्या बाजूने केला तर आणखी एक गोष्ट कळते. रंगद्रव्याचा 20 मायक्रॉनचा एक कण 87 पटींनी मोठा केला तर पावणेदोन मिलिमीटरचा होतो. त्याला धूळ म्हणता येणार नाही, ती वाळू झाली. म्हणून धुळीची प्रतिकृती धूळ टाकून होत नाही. दूरवरून धूळ जशी दिसते त्या परिणामाची प्रतिकृती करायची असते. भुकटी पृष्ठभागात चोळून मुरवायची, तिचे कण सुटे दिसू द्यायचे नाहीत, निव्वळ काळा आणि निव्वळ पांढरा वापरायचा नाही, हे हस्तपुस्तिकांतले नियम या एका भागाकारातून निघतात. नियम पाठ करण्यापेक्षा भागाकार लक्षात ठेवणे सोपे.

मग द्रवरंग का नको? एअरब्रश आहे, पातळ रंगाचे थर आहेत, तैलरंग आहेत, आणि कसलेला माणूस हे सगळे वापरतो. भुकटीच्या बाजूने माझी दोन कारणे आहेत. एक अगदी व्यवहाराचे आहे. वरून लॅकरचा फवारा बसेपर्यंत भुकटी ओल्या फडक्याने बरीचशी पुसता येते, त्यामुळे नवशिक्याला घाबरायचे कारण उरत नाही. शिवाय जोडणीच्या आकड्यात रंग गेला तर आकडा चिकटून बसतो. कोरड्या भुकटीने तसे होत नाही.

दुसरे कारण मला अधिक मोलाचे वाटते. भुकटी आणि खरा मळ यांचे द्रव्य पुष्कळदा एकच असते. अमेरिकेतल्या जुन्या बंद वाघिणींचा तो सुप्रसिद्ध तांबूस रंग लोहाच्या ऑक्साइडचाच होता. आपल्याकडे फाटकाला पहिला हात देतात त्या रेड ऑक्साइडचा तो भाऊबंद. गंज म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आणि दुकानात ‘गंज’ म्हणून मिळणारी भुकटीही बहुधा तेच. अंगणातल्या कुंडीला लावतात तो गेरू आणि गोव्या-कोकणातल्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे उमटवणारी काव ही याच घराण्यातली. पिवळी माती, सिएना, अंबर ही चित्रकारांच्या पेटीतली नावेही लोहयुक्त मातीचीच आहेत. अंबरमध्ये मँगनीज असते, म्हणून तो अधिक काळपट. मूठभर मातीच्या रंगांत मालगाडीचे जवळजवळ सगळे जग मावते ते यामुळेच.

आणखी एक गोष्ट. उन्हातल्या अतिनील किरणांनी रंगातला बांधून ठेवणारा घटक हळूहळू तुटतो आणि रंगद्रव्य सुटे होऊन पृष्ठभागावर पूड बनून राहते. जुन्या वाघिणीवरून हात फिरवला तर तळव्याला रंग लागतो तो हा. पांढऱ्या अक्षरांची पूड पावसाबरोबर खाली ओघळते आणि प्रत्येक अक्षराखाली फिकट उभी रेघ उमटते. प्रतिकृतीच्या अक्षरांवर पांढरी भुकटी ठेवून चपट्या ब्रशने खाली ओढली की तीच घटना पुन्हा घडते, पाऊस सोडून. हे मला या माध्यमाचे खरे वैभव वाटते. इथे मळाचे चित्र काढावे लागत नाही. तो ज्या वाटेने बसला त्याच वाटेने पुन्हा बसवता येतो.

पण त्यासाठी आधी वाघीण वाचता यायला हवी, आणि नव्या वाचकाने सर्वाधिक वेळ इथे घालवावा असे मला वाटते. डागाचे ठिकाण कारणावरून ठरते. चाकांकडे पाहा. जुन्या साध्या बेअरिंगच्या खोक्यांत तेलात भिजवलेला सुती चिंधा भरलेला असे. तेल झिरपून चाकाच्या बाहेरच्या तबकडीवर उडे, त्यावर धूळ बसे, आणि चाक काळपट तेलकट दिसे. रोलर बेअरिंग आल्यावर ही गळती थांबली आणि चाके कोरड्या गंजाच्या तपकिरी रंगाची झाली. म्हणजे चाकाला कोणती भुकटी लावायची हे तुमची गाडी कोणत्या दशकातली आहे यावर ठरते, आवडीवर नाही. चाकाची रुळावर फिरणारी कड मात्र दोन्ही काळांत लख्ख असते. प्रतिकृतीतही तिला भुकटी लागू देऊ नये. तिथे रुळांतून येणारी वीज आणि वास्तव या दोघांचेही म्हणणे एकच पडते.

वाघिणीची टोके बहुतेक नवशिके विसरतात. पावसात फिरणारी चाके रुळांवरचे घाण पाणी वर उडवतात, ते टोकाच्या पत्र्यावर चाकांच्या रेषेत दोन उभ्या पट्ट्यांत चढते. मधला भाग त्या मानाने स्वच्छ. ही एवढी दोन पट्ट्यांची गोष्ट केली तरी वाघीण धावलेली दिसू लागते. छतावर इंजिनाची काजळी साचते, आणि छत जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचे असेल तर त्यावरचा रंग नीट धरत नाही. पापुद्रे निघून राखाडी पत्रा ठिगळाठिगळांनी उघडा पडतो. दार सरकते तिथे आडवे घासलेले असते. ओतीव लोखंडाचे ब्रेकचे ठोकळे झिजून जी पूड उडते ती लोखंडाचीच, म्हणून ती गंजते आणि खालच्या सांगाड्यावर तांबूस तपकिरी लेप चढवते.

मग माल. सिमेंटच्या वाघिणीवर छताच्या झाकणांपासून राखाडी ओघळ उतरतात आणि ओलाव्याने तिथेच घट्ट होतात. भुकटी थोड्या अल्कोहोलमध्ये कालवून लावली की तशी खपली जमते. टाकीवर भरायच्या तोंडाखाली एकच रुंद ओघळ असतो, आणि तो कोणत्या रंगाचा हे आत काय भरले होते ते सांगतो. कोळशाच्या उघड्या वाघिणीच्या आतल्या भिंती प्रत्येक फेरीत घासल्या जातात आणि पुढच्या पावसात पुन्हा गंजतात, म्हणून बाहेरून काळी दिसणारी वाघीण आतून तांबूस असू शकते. गुरे वाहणाऱ्या वाघिणी निर्जंतुक करण्यासाठी चुन्याने सारवत. फळ्यांच्या बाहेर आलेला तो चुना खालच्या निम्म्या भागावर पांढरा सांडलेला दिसे.

गंजाच्या बाबतीत एकच सांगतो. ताजा गंज नारिंगी असतो, जुना गडद तपकिरी. सगळीकडे एकच नारिंगी फासलेली वाघीण म्हणजे काल रात्री एकाच वेळी सर्वांगाला गंज चढलेली वाघीण. ती मी अजून कुठल्याही यार्डात पाहिलेली नाही. प्रदर्शनांत मात्र पुष्कळ दिसतात.

पुराव्यांचे काय? कृष्णधवल छायाचित्रे पोत सांगतात, रंग सांगत नाहीत. म्हणून जॅक डेलॅनो यांचे काम या क्षेत्राचा मूलग्रंथ मानावे लागते. अमेरिकी सरकारच्या युद्धमाहिती विभागासाठी त्यांनी 1942–43मध्ये शिकागोच्या यार्डांत आणि सांता फे रेल्वेवर कोडाक्रोम फिल्मवर रंगीत छायाचित्रे टिपली. ती लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहात आहेत आणि कुणालाही विनामूल्य पाहता येतात. यार्डाच्या उंच पुलावरून घेतलेल्या एका चित्रात शेकडो छते दिसतात. एकाच ‘तांबूस’ म्हणवणाऱ्या रंगाच्या किती छटा एका चौकटीत नांदतात हे तिथे मोजावे. नवी कोरी वाघीण आणि मरायला टेकलेली वाघीण शेजारी उभ्या असतात. गाडीतली प्रत्येक वाघीण सारखीच जर्जर करणाऱ्यांचे म्हणणे हे एक चित्र खोडून काढते.

मळाने इतिहासही घडवला आहे. 1967 पासून अमेरिकी रेल्वे कंपन्यांनी वाघिणींवर रंगीत पट्ट्यांच्या पाट्या लावल्या. रुळाकाठचे यंत्र त्या वाचून वाघिणीचा क्रमांक नोंदवी. सिल्व्हेनिया कंपनीतले डेव्हिड कॉलिन्स यांनी विकसित केलेली ही कारट्रॅक पद्धत आजच्या बारकोडच्या पूर्वजांपैकी एक. ती सुमारे दहा वर्षांत गुंडाळावी लागली. पाट्या मळत, कुणी पुसत नसे, आणि सुमारे पंचमांश पाट्या यंत्राला वाचता येईनाशा झाल्या होत्या. 1970च्या दशकातली गाडी करणाऱ्याने ही पाटी लावलीच पाहिजे, आणि लावल्यावर ती मळवलीही पाहिजे.

उलट प्रकारही आहे, मळलेल्या वाघिणीवरच्या स्वच्छ जागेचा. वाघिणीचे रिकामे वजन ठरावीक काळाने पुन्हा मोजून लिहायचा नियम होता. जुना आकडा ताज्या रंगाने झाकून त्यावर नवा आकडा, तारीख आणि ठिकाणाची खूण छापत. त्यामुळे काळवंडलेल्या बाजूवर एक लहानसा ताजा आयत उठून दिसे. भुकटी लावण्यापूर्वी तेवढ्या जागेवर चिकटपट्टी लावायची आणि शेवटी काढायची. दोन मिनिटांचे काम, पण ते पाहून जाणकार थबकतो. तुमची गाडी 1953 सालची आणि त्या आयतातली तारीख 1956ची असेल तर जाणकार वेगळ्या कारणाने थबकेल. आपल्याकडच्या वाघिणींवर पीओएचची, म्हणजे नियतकालिक दुरुस्तीची, तारीख आणि कारखान्याचे संक्षिप्त नाव असते. तेही याच नजरेने वाचावे.

खऱ्या वाघिणींवर खरा खडूही असे. यार्डातले कामगार कोणती वाघीण कुठे जायची ते दाराजवळ खडूने लिहीत. काहीजण त्यापलीकडे गेले. मिसूरी पॅसिफिक रेल्वेवर काम करणारे जे. एच. मॅकिन्ली वाघिणींवर रुंद काठाची टोपी घातलेल्या माणसाचे रेखाचित्र काढून खाली ‘बोझो टेक्सिनो’ लिहीत. ते चित्र देशभर फिरले, पुढे इतरांनीही काढले, आणि बिल डॅनियल यांनी त्याच्या शोधावर 2005मध्ये चित्रपट केला. प्रतिकृतीवर या खुणा टोकदार पांढऱ्या पेन्सिलीने जमतात. त्या भुकटीनंतर कराव्यात, कारण खडू मळावर लिहिला जातो, मळाखाली नाही.

क्षेत्राचा इतिहास थोडक्यात आटोपतो. खेळणी बनवणाऱ्या लायनेल कंपनीच्या टिनच्या गाड्यांचे सारे आकर्षण त्यांच्या चकाकीत होते. प्रमाणबद्ध प्रतिकृतींचा छंद 1930च्या दशकात त्यापासून वेगळा झाला. विस्कॉन्सिनमधून ‘मॉडेल रेलरोडर’ मासिक 1934मध्ये निघाले. मळ आणि पडझड यांना छंदात प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत जॉन ॲलन (1913–1973) यांचे नाव सर्वांत वर येते. ते व्यवसायाने छायाचित्रकार होते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे घराच्या तळघरात त्यांनी उभारलेल्या रेल्वेचे नाव होते ‘गोरी अँड डिफीटेड’. त्यांच्या मृत्यूनंतर थोड्याच दिवसांत ती आगीत नष्ट झाली. आता ती आहे फक्त छायाचित्रांत. वास्तवाच्या या आचार्यांच्या यार्डात डबे ओढायला एम्मा नावाचा स्टेगोसॉरस होता, हे कट्टर वास्तववाद्यांना अधूनमधून ऐकवावे. पुढच्या पिढीत रणगाड्यांच्या प्रतिकृती करणाऱ्यांकडून सुक्या रंगद्रव्यांची बरीच तंत्रे रेल्वेवाल्यांनी उचलली.

आता या क्षेत्रातल्या सर्वांत जुन्या भांडणाकडे येऊ. भुकटी टिकावी म्हणून वरून मॅट लॅकरचा फवारा मारावा की नाही? फवारा मारला की तासाभराची मेहनत डोळ्यांसमोर पुसट होते, हा सार्वत्रिक अनुभव आहे, आणि कुणी म्हणते वाऱ्याने उडाली, कुणी म्हणते विरघळली. खरे कारण प्रकाशाचे आहे. पाटीवर खडूने लिहून वर पाणी टाका. अक्षर दिसेनासे होते, वाळल्यावर परत येते. खडू पांढरा दिसतो तो कणांमधल्या हवेमुळे. कॅल्शियम कार्बोनेटचा अपवर्तनांक 1.5 ते 1.65च्या आसपास, जिप्समचा 1.52, हवेचा 1. या फरकामुळे प्रकाश विखुरतो. हवेची जागा सुमारे 1.5 अपवर्तनांकाच्या रेझिनने घेतली की फरक जवळपास संपतो आणि कण पारदर्शक होतो. पाणी वाळते, लॅकर वाळूनही तिथेच राहतो.

यातून भांडण बरेचसे मिटते. लोहाच्या लाल ऑक्साइडचा अपवर्तनांक 3च्या जवळ आणि टायटॅनियम डायऑक्साइडचा 2.5च्या वर आहे. ही द्रव्ये लॅकरमध्ये बुडूनही दिसतात. म्हणून फवाऱ्यानंतर गंज टिकतो आणि फिकट धूळ नाहीशी होते. शाळेच्या खडूने केलेले सिमेंटचे ओघळ लॅकरखाली जाणारच. ते हवे असतील तर टायटॅनियम पांढऱ्याची भुकटी घ्यावी, किंवा शेवटचा फिकट थर फवाऱ्यानंतर द्यावा आणि उघडा ठेवावा. माझा कौल उघड्या थराला आहे. ज्याला आपल्या वाघिणी पाहुण्यांच्या मुलांच्या हातात द्यायच्या असतील त्याने झाकाव्यात. इतरांनी वाघीण चाकांना धरून उचलायची सवय लावावी.

भुकटीखालचा थर मात्र वादातीत आहे. कारखान्यातून आलेल्या गुळगुळीत पृष्ठभागावर भुकटी धरत नाही. आधी मॅट थर हवा, म्हणजे खडबडीत पृष्ठभागाच्या खोबणींत कण अडकतात. इथे आपल्या हवेचा प्रश्न येतो, जो अमेरिकी पुस्तकांत क्वचितच नीट हाताळला जातो. दमट हवेत लॅकर फवारला की द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि पांढुरका धुरकटपणा येतो. मुंबईत किंवा रत्नागिरीत जुलै महिन्यात फवारा मारायला बसू नये. चोळण्याचे काम पावसाळ्यात चालते. फवाऱ्याचे दिवाळीनंतर काढावे.

मराठी वाचकाला हा छंद अगदीच परका नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभे केलेले मिनिएचर रेल्वेचे संग्रहालय 1998 पासून लोकांना खुले आहे, आणि तिथे पहिल्यांदा थबकलेली कित्येक मुले आता मोठी झाली असतील. भारतीय वाघिणींचे वेदरिंग करणाऱ्यांपुढे मात्र अजून मोकळे रान आहे. त्यांनी अमेरिकी नियम जसेच्या तसे उचलू नयेत. तिकडच्या मिश्र गाडीत देशभरातल्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या, वेगवेगळ्या वयाच्या वाघिणी एकत्र येत; आपल्याकडे एकाच जातीच्या, एकाच मालाच्या वाघिणींचे अख्खे रेक धावतात, त्यामुळे एका रेकमधला मळ बराचसा एकाच घराण्यातला असतो. होस्पेटहून मुरगावकडे उतरणारे लोहखनिज आणि मुरगावहून वर कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा, हे दोन्ही एकाच घाटातून जातात. त्या मार्गावरच्या वाघिणींचा, रुळांखालच्या खडीचा आणि स्टेशनांच्या फलाटांचा रंग कुणी ऋतुवार टिपून ठेवला तर तो पुढच्या अभ्यासकांना फार उपयोगी पडेल.

सुरुवातीला सामान थोडेच लागते: काळपट राखाडी, गडद तपकिरी, तांबूस, पिवळसर माती आणि मळकट पांढरा अशा पाच पेस्टल कांड्या, पॉलिश पेपरचा तुकडा, एक राठ आखूड ब्रश आणि एक मऊ. तेलकट पेस्टल घेऊ नयेत, त्यांची पूड होत नाही. पहिले प्रकरण चाकांपासून आणि खालच्या सांगाड्यापासून सुरू होते, कारण तिथला हात चुकला तरी कुणाच्या लक्षात येत नाही आणि बरोबर आला तर सगळी वाघीण जमिनीला टेकते. त्यासाठी मोडकी, जुन्या बाजारातली वाघीण घ्यावी. भुकटी तोंडाने फुंकू नये, मास्क लावावा, आणि किसायला बसण्यापूर्वी पंखा बंद करावा.